जामसरच्या बांधावरून अयुथयाला

थायलंडला जाऊन काय पाहिलंस, असं कुणी विचारलं की मी सांगते, विटा. विचारणारीचं तोंड पडतं. मोखाड्याची माझी बहीण तर म्हणाली, "विटाच बघायच्या होत्या तर वाडा गावाकडच्या वीटभट्ट्यांवर जायचंस. विमानात तरी बसावं लागलं नसतं."

पण त्या विटांमध्ये माझा एक जुना गुन्हा माझी वाट पाहत बसला होता, हे बहिणीला सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते.

निघायच्या आधीच मुलानं जामसरच्या शेताला भिंत घालायचं ठरवलं होतं. दोरी लावली आणि दोरीच्या रेषेत नेमका आमचा बांधावरचा देव आला. देव म्हणजे हातभर उंचीचा, शेंदूर लावलेला, वरून तुटलेला दगड. नवा भात घरात आला की पहिला घास त्याला. त्याच्याआधी कुणी खायचं नाही. सासूनं मरेपर्यंत हे केलं, तिच्यामागे मी करते. मुलगा म्हणाला, "आई, भंगलेला देव ठेवू नये. जव्हारला संगमरवरी मूर्ती बघून ठेवलीय. आलो की हा धरणात सोडू."

मला तो दगड तिथेच हवा होता, पण बोलायला तोंड नव्हतं. कारण चाळीसेक वर्षांपूर्वी हेच वाक्य, अगदी याच ठेक्यात, मी बोलले होते. एवढंच की मी बोलून थांबले नव्हते.

तेव्हा मी एकवीस वर्षांची. जव्हारची पोर, डी.एड. झालेली, जामसरला सून म्हणून आलेली. एवढं शिकलेली सून गावात दुसरी नव्हती, हे गावाला ठाऊक नसेल म्हणून मीच रोज सांगत असे. बैलाचा पाय लागून देव वरून फुटला. सासू लेकीकडे खोडाळ्याला गेलेली. माझ्या अकलेला मोकळं रान! मी देव टोपलीत घातला, खालच्या ओहोळात सोडला आणि त्याच्या जागी जव्हारच्या दुकानातली फ्रेम ठेवली. फ्रेममधल्या देवाला चार हात होते. अदलाबदल चांगली झाली, असं मला वाटलं.

सासू परतली ती नवा भात करायच्या दिवशीच. बांधावर गेली, फ्रेम बघितली, परत आली. तांदळाचं भांडं चुलीवरून उतरवलं आणि नागलीचं पीठ मळायला बसली. म्हणाली, "देव जागेवर येईल तवा नवा शिजंल. तोवर हीच भाकर."

"अहो, तो फुटलेला होता!"

"तुझा बाप म्हातारा झाला, दात पडले त्याचे. त्याला नाय ओहोळात सोडलास."

मी साडी खोचून ओहोळात उतरले. दगड म्हणजे काय, सगळे दगडच! शेंदूर पाण्यानं धुऊन गेलेला. एक खेकडा माझ्या अंगठ्याला चावला तो वेगळाच. डी.एड.ला दगड ओळखायचा विषय नव्हता. शेवटी वरून तुटल्यासारखा दिसणारा एक उचलला आणि जीव मुठीत धरून सासूपुढे ठेवला.

तिनं तो उलटा केला, सुलटा केला. मी विचारलं, "हाच ना?"

"तू टाकलास, तू आणलास. तुलाच ठावं."

शेंदूर लावला, बसवला, नवा भात शिजवला. तो खरा होता की ओहोळातला कुणी भलताच, हे तिनं कधी सांगितलं नाही. मीही दुसऱ्यांदा विचारलं नाही. पुढे मी कुठं जास्त शहाणपणा दाखवायला लागले की ती नुसती बांधाकडे बघायची.

तर असं हे ओझं पोटात घेऊन मी मुलाबरोबर अयुथयाला पोचले. थायलंडच्या या जुन्या राजधानीचं नाव अयोध्येवरून पडलंय म्हणे. ऊन मात्र आपल्या वैशाखाचं. जिकडेतिकडे विटांचे उंच मनोरे, एखादा कललेला, आणि भिंतीच्या कडेनं ओळीनं बसलेले बुद्ध. एकालाही डोकं नाही. गाइड मुलगी हिंदी शिकलेली होती. म्हणाली, "लड़ाई हुआ, सर कट गया. लेकिन बाबा बैठा है."

बाबा खरंच बसले होते. मांडी मोडली नव्हती. एकाच्या खांद्यावरून कुणी नवं कोरं भगवं वस्त्र घातलेलं. तेवढ्यात तिथली एक म्हातारी आली, माझ्याच वयाची, गुडघेही माझ्याच कंपनीचे. कण्हत खाली बसली, कमळाची कळी ठेवली, हात जोडले. माझ्या मुलानं टोपी काढली आणि तोही वाकला.

मला राहवेना. "पाया काय पडतोस? भंगलाय तो."

"आई, हळू! असं बोलू नये."

"का? इथं जवळपास धरण असेल, विचार त्या पोरीला. संगमरवरीही मिळेल."

मुलगा टोपी हातात धरून उभा राहिला. बापासारखाच आहे, पटलं की कानाच्या पाळ्या लाल होतात. मी वापरली सासूची विद्या: नुसतं बुद्धाच्या खांद्यावरच्या त्या वस्त्राकडे बघत राहिले.

तेवढ्यात गाइड मुलगी पुढच्या एका मूर्तीकडे बोट दाखवून म्हणाली की याचं डोकं नंतर बसवलंय. कुणाचं डोकं कुणाच्या धडावर, आता कुणालाच ठाऊक नाही. मला असा ठसका लागला की मुलानं पाण्याची बाटली पुढे केली.

"काय झालं, आई?"

"काही नाही. ऊन लागलं."

दुपारी गाडीत बसल्यावर त्यानं जामसरला गवंड्याला फोन लावला. मी डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं, कान उघडे. मुलगा सांगत होता, "भिंत तिथं जरा वळवून घ्या. हो, वाकडी दिसली तरी चालेल. दगडाला हात लावायचा नाही. अहो, शेकडो वर्षांचा देव आहे तो, पणजोबांच्याही आधीचा!"

सोंग घेतलेल्या माणसाला हसता येत नाही. फार त्रास झाला.

आता भिंतीला तिथं चांगलं कोपरासारखं वळण आहे. यंदा नवा भात ठेवायला गेले तेव्हा देवाला म्हटलं, तू कोण आहेस ते मला ठाऊक नाही, पण बसलायस छान. मुलगा मागेच उभा होता. विचारू लागला, "काय म्हणालीस?"

म्हटलं, "मंत्र आहे. तुझ्या आजीनं दिलेला."