गार राहिलेली बादली

"मॅडम, गाडीवर नारळ फुटलाय. आता ती माघारी जाणार न्हाय."

आमच्या साखर कारखान्याचे एक संचालक, आबा, चुन्याच्या ट्रकसमोर उभे राहून मला बजावत होते. हंगामातला पहिला ट्रक. पुढे झेंडूचा हार, बंपरवर नारळाचं पाणी. तपासणी अजून व्हायची होती. आमच्याकडे पद्धतच तशी, पूजा आधी आणि सॅम्पल नंतर. नारळ फुटल्यावर माल नापास करायची कुणाची छाती होत नसे. त्यातून यंदाचा चुना आबांच्या मेहुण्याचा.

मी लॅब केमिस्ट. घर जुळे सोलापूरला, नोकरी माळशिरसकडच्या या कारखान्यात, तीही प्रोबेशनवर.

साखरेला चुना कशाला, असं लोक विचारतात. उसाचा रस थोडा आम्लधर्मी असतो. तसाच तापवला तर त्यातली साखर फुटते, मग तिचे दाणे धरत नाहीत. म्हणून रसात चुन्याचं दूध घालायचं. आम्ल मरतं, गाळ खाली बसतो. हा चुना चुनखडीचा. ती भट्टीत भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी ओतलं की तो फुटतो, तापतो, उकळतो. कच्चा भाजलेला असेल तर नुसता दगड.

भाजलेली चुनखडी हलकी होते. ट्रकमधले खडे हाताला चांगलेच जड लागले.

वर्क्स मॅनेजर जवळ येऊन हळूच म्हणाले, "सही करून टाका. तुमचं परमनंटचं चाललंय ना?"

"साहेब, उद्या रस बिघडला तर जाब कोणाला विचाराल?"

"तुम्हालाच, पण..."

"मग आज मीच ठरवणार."

मला भयंकर चीड आली होती. दगडाला चुना म्हणायला मी केमिस्ट्री शिकले नव्हते. लॅबमध्ये बसून रिपोर्ट दिला असता तर तो दाबला गेला असता. म्हणून मी दोन बादल्या तिथेच, वजनकाट्यापाशी मागवल्या. एकीत लॅबमध्ये बंद डब्यात जपलेला गेल्या हंगामातला चांगला चुना, दुसरीत ट्रकमधला. दोन्हींत पाणी ओतलं. उसाच्या ट्रॅक्टरवरचे ड्रायव्हर गोळा झाले.

पहिली बादली खदखदायला लागली. दुसरी गप्प.

"आबा, दुसरीला बाहेरून हात लावा."

आबांनी हात लावला आणि तो धोतराला पुसला.

"गार हाय व्हय?" मागून एका ड्रायव्हरनं विचारलं.

मी ट्रकमधल्या एका खड्यावर ॲसिडचे थेंब टाकले. भराभर फेस आला. भट्टीत जायला हवा होता तो कार्बन डायऑक्साइड इथे निघत होता.

"आन् हंगामाला अपशकुन झाला तर?" आबा गुरकावले.

"काळपट साखर निघाली तर तिला काय म्हणायचं, आबा? मी सही करणार नाही. नोकरीवरून काढायचं तर काढा."

ट्रक हारासकट मागच्या गेटनं गेला. दुसरीकडून चुना आला आणि त्या हंगामात साखर पांढरीशुभ्र निघाली. नोकरी राहिली, पण परमनंट काही मी त्या हंगामात झाले नाही. आबा तर माझ्याकडे बघायचेही नाहीत.

पुढच्या हंगामात पहिला ट्रक आला. ड्रायव्हर हार बांधायला पुढे झाला, तसे हातात नारळ घेऊन उभे असलेले आबा ओरडले, "थांब रं! आदी मॅडमची बादली तापू दे."

बादली तापली, मग नारळ फुटला. माझं परमनंटचंही त्याच हंगामात झालं. मालाची पूजा जरूर करावी, पण माल बघून.