एका घराचं चूलबंद आमंत्रण

आपलीच फजिती आपल्याच तोंडानं सांगायची म्हणजे जीभ अडते हो! पण सांगते. मध्ये कोणी ‘मावशी, तुम्हीसुद्धा?’ म्हणायचं नाही. हो, मीसुद्धा!

नव्वदच्या दशकाची अखेर. सुरतेजवळच्या कडोदऱ्याच्या एका साडी कारखान्यात मी डिझाइनचा कॉम्प्युटर सांभाळायचे. शिकवलं कुणी? कुणीच नाही! धुळ्याकडची सातवी पास बाई मी, मांडीवर डिक्शनरी घेऊन लिनक्स शिकले. शेठसुद्धा मला बिचकून असायचे.

त्या मशीनच्या आत मी एक वेगळी खोली केली होती. सी-एच-रूट म्हणतात तिला. आतल्या प्रोग्रामला वाटतं, हेच सगळं जग! नवे प्रयोग तिथे करायचे, बाहेरच्या कामाला धक्का नाही. आतली प्रिंटची सर्व्हिस बंद-चालू करायला शेल स्क्रिप्टही, म्हणजे मशीनसाठी हुकमांची चिठ्ठीही, मीच लिहिलेली. ऐट काय विचारता!

त्या दिवशी हंसा तिचं पहिलं डिझाइन छापायला आली. सुरतेच्याच गोडादऱ्याची पोर, आईबाप लूमवर, ही धागे कापायला. पण मोर काय काढला होता! अहो, माझ्यासारखी खोडी काढणारी बाईसुद्धा खुर्ची सोडून बघायला उठली. व्यापारी दुपारी येणार होता. त्यानं पसंत केलं तर हंसा डिझाइनच्या टेबलावर, नाहीतर पुन्हा हातात कात्री.

बाहेरच्या सर्व्हिसवरून कागद सरकू लागला. तेवढ्यात आतल्या खोलीतली स्क्रिप्ट तपासून घ्यावी म्हणून मी “बंद!” म्हणत एंटर हाणला.

“मावशी, प्रिंटर थांबला!”

“वायर हलली असेल.”

बाहेरची सर्व्हिस चालू केली. मोराची मान आली. मी परत आपली, “बंद!”

“मावशी, पाछुं बंद थयुं!”

“व्होल्टेज गं, व्होल्टेज!”

तिसऱ्यांदा पोटापर्यंत आला आणि ठप्प. मी उलट तिच्यावरच घसरले. “तुझ्या मोराला पिसं किती! मशीन दमणार नाही तर काय?”

पोरीचे डोळे भरले. खाली व्यापाऱ्याची स्कूटर वाजली.

“मावशी, सर्व्हिस चालू करून द्या, आणि तुम्ही जरा चहा पिऊन या ना.”

“मला हाकलतेस?”

“दहाच मिनिटं. हात जोडते.”

चालू करून दिली आणि तणतणत गेले. परत येते तर टेबलावर पिसाऱ्यासकट अख्खा मोर! व्यापारी कागदावरून नुसता हात फिरवतोय. शेठ म्हणाले, “हंसा, उद्यापासून तू इथेच बसायचं.”

मग मी स्क्रिप्ट उघडली. आत लिहिलेलं ‘किलऑल’. म्हणजे या नावाचे जितके प्रोग्राम चालू असतील ते सगळे मारा; आणि आतल्या-बाहेरच्या दोन्ही सर्व्हिसचं नाव एकच! आमच्या खानदेशात चूलबंद आमंत्रण दिलं की त्या घरची चूल बंद, एका घरातले सगळे जेवायला येतात, शेजारचे नाही. मला वाटलं, मशीनलाही तेवढी रीत असेल! पण खोलीची भिंत फक्त फाइलींना. चालू प्रोग्रामांची यादी अख्ख्या मशीनची एकच. आणि ती यादीही, आतल्या खोलीत किलऑल चालेना म्हणून, मीच तिथे जोडून दिलेली. मी एका घराला चूलबंद सांगितलं, त्यानं अख्ख्या चाळीच्या चुली विझवल्या!

पण मी उठले की प्रिंटर चालेल, हे या पोरीला कळलं कसं? तिला गाठलं. “हंसा, लिनक्स कधी शिकलीस गं?”

“मला कुठलं येतंय, मावशी? मी नुसती तुमच्याकडे बघत होते. तुम्ही ‘बंद!’ म्हणायचात आणि ते बिचारं बंद व्हायचं. मला वाटलं, तुम्ही मुद्दामच करताय!”