अप्पांचा वस्तरा

बाजारात तिला सगळे ‘कात्री’ म्हणत. एक कात्री हातात, दुसरी तोंडात, म्हणून. बाप न्हावी, लेकही न्हावी. पण अप्पांनी तिला केसांपलीकडे कधी जाऊ दिलं नाही. दाढीची खुर्ची त्यांची. मग उजवा हात थरथरू लागला, तसा त्यांनी वस्तरा चामड्याच्या म्यानात कोंबला, कपाटाच्या तळाशी ढकलला आणि दुकानामागच्या खोलीत जे खाट धरून बसले ते बसलेच. स्वतःच्या हाताला जमेना, दुसऱ्याच्या हाती गाल द्यायचा नाही. दाढी छातीवर आली.

“ती खुर्ची विकून टाक,” ते एक दिवस म्हणाले. “बसवायचं कुणाला तिच्यावर?”

हे मात्र कात्रीच्या जिव्हारी लागलं. तिनं वस्तरा शोधून काढला. पातं अंगभर गंजलेलं. ‘चामडं ओल धरतं, पातं त्यात ठेवू नये’ हे साऱ्या बाजाराला बजावणाऱ्या माणसानं रागाच्या भरात स्वतः तेच केलं होतं. दिव्याखाली अंधार! तिला आधी हसू आलं, मग रडू.

“अप्पा, हा चालला तर पहिली दाढी तुमची. आणि खुर्ची माझी.”

“चालव खुशाल. भिंतीवर!” म्हणत त्यांनी कूस बदलली.

तिनं पातं रॉकेलात भिजवलं. पॉलिश पेपर लाकडाच्या तुकड्याला गुंडाळून लांबीच्या दिशेनं घासत राहिली. गंज उतरला, खालून पोलाद हसलं. पण धारेलगत मोहरीएवढा खड्डा उरला. तो असेपर्यंत वस्तरा गाल फाडणार. ती दगडावर धार लावायला बसली. करकर, करकर. उतावळेपणानं तिनं पात्याची पाठ जराशी उचलली मात्र,

“पाठ टेकव, बये! धार गोल होईल!” आतून गर्जना झाली.

“तुम्ही झोपलात ना?”

“मी झोपलोय. कान नाही.”

तिनं पाठ टेकवली. गिऱ्हाइकं सांभाळत दिवसभर घासलं. खड्डा गेला, करकरीची सळसळ झाली. मग तिनं पातं चामड्याच्या पट्ट्यावर फिरवलं, आणि आतली खाट करकरली.

अप्पा दारात उभे होते. त्यांनी दाढीतला एक लांब केस उपटला आणि थरथरत्या बोटांत धरला. केस वाऱ्यावरच्या गवतासारखा हलत होता. कात्रीचा हात हलला नाही. पातं टेकलं, अर्धा केस खाली पडला.

अप्पा वळले. उभ्या जन्मात जिच्यावर कधी टेकले नव्हते त्या खुर्चीवर जाऊन बसले आणि मान मागे टाकली. बाकावरची गिऱ्हाइकं उठून उभी राहिली. साबणाच्या फेसातून हळूहळू तिला लहानपणचा बाप दिसू लागला. एवढ्या वेळात कात्रीच्या तोंडून अक्षर निघालं नाही, हे बाजारात आजही कुणी खरं मानत नाही.

अप्पांनी गालावरून तळहात उलट्या दिशेनं फिरवला. कुठे खरखर लागते का ते पाहिलं. लागली नाही. मग उठले, खांद्यावरचं फडकं झटकलं आणि रस्त्यावर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

“चला, दाढी कुणाची? आमच्या लेकीच्या खुर्चीवर बसा!”