मुक्कामी गाडी जिथे जाते

माझ्या नवऱ्यानं तीस वर्षं एसटी चालवली. रिसोड, मेडशी, मालेगाव, अनसिंग, फार तर अकोला आणि हिंगोली, एवढाच त्यांचा मुलूख. पण त्या मुलखात त्यांना कधी कुणाला रस्ता विचारावा लागला नाही, आणि याचा त्यांना भारी अभिमान. त्यामुळे आपण सायकलींवर कोकणात जाऊ, समुद्राकाठी तंबू ठोकून राहू, असं मी म्हटलं तेव्हा रस्ता कोण ठरवणार हा प्रश्नच आला नाही. दुसऱ्या दिवशी फ्रीजवर कागद चिकटलेला होता. गुहागर, सुटणे सहा दहा. फाटा, सात पंचवीस, चहा दहा मिनिटं. खाडीचा धक्का, अकरा पाच. खाली मुक्कामाची गावं, त्यांच्याभोवती लाल पेनानं गोल.

मी विचारलं, "अन् यात समुद्र कोठी हाये?"

"उजव्या हाताले राहीन," ते म्हणाले.

खरं तर आमच्या घरात सायकल माझी. रिसोडपासून सात किलोमीटरवरच्या शाळेत मी बावीस वर्षं शिकवलं आणि रोज सायकलनं गेले. स्कूटी घ्या बाई, असं सगळे सांगून थकले, मी काही घेतली नाही. ह्यांनी सायकल चालवली ती शाळेत असताना, आणि मग थेट निवृत्त झाल्यावर. दोन महिने आम्ही रोज सकाळी वाशीमच्या रस्त्यानं जाऊन येत होतो. तिकडे चढ म्हणजे पुलाआधीचा उंचवटा. दोन्ही बाजूंना उभी तूर, मधे सरळ रस्ता, आणि पुढे हे, बसच्या सीटवर बसल्यासारखे ताठ.

कागद मी मान्य केला, पण एक अट घातली. चार मुक्कामांपैकी एक मी ठरवणार. जिथे मला आवडेल तिथे थांबायचं, कागदावर असो नसो. ते म्हणाले, "पाहू." आमच्या घरात पाहू म्हणजे नाही.

लाल गोलांचं गणित मला प्रवासाच्या आधीच कळलं होतं. त्यांनी निवडलेल्या प्रत्येक गावात मुक्कामी गाडी होती. म्हणजे संध्याकाळची शेवटची एसटी, जी रात्रभर गावातच थांबते आणि पहाटे तिथूनच परत निघते. फोनाफोनी करून त्यांनी ही यादी काढली होती. मी म्हटलं, अहो, आपण सायकलवर जाणार, आपल्याला गाडीशी काय करायचंय? तर म्हणे जिथी मुक्कामी गाडी जाते तिथी पाणी असते, देवळाचा ओटा असते, दोन माणसं जागी असतात. मला ते पटलं. आणि खरं सांगायचं तर मनातून आवडलंही. आठवड्यातल्या तीन रात्री हा माणूस अशाच कुठल्या तरी गावात असायचा आणि मी घरी. तो कुठे झोपतो, कोण जेवायला घालतं, मला कधी दिसलं नव्हतं. आता दिसणार होतं.

दिवाळीनंतर सायकली सरकीची ढेप नेणाऱ्या एका ओळखीच्या ट्रकमधून चिपळूणला गेल्या, आम्ही मागून बसनं गेलो आणि तिथून टेम्पोनं गुहागर गाठलं. पिशव्या आमच्या गल्लीतल्या चाचांनी शिवून दिल्या होत्या, ज्यांचं अर्धं आयुष्य ट्रकची सीटकव्हरं शिवण्यात गेलं. पिशव्या देताना म्हणाले, "भाभी, पिशवी बुडंल पण अंदर पानी नाही जानार." आम्ही बुडण्याचा विचार केलाच नव्हता. आम्ही दोघांनी फक्त एकच विचार केला होता, की समुद्र सपाट असतो, तर त्याच्या काठचा रस्ताही सपाट असणार.

गुहागरपासून पहिल्या दोन तासांत हा समज धुऊन निघाला. तिथला रस्ता समुद्राला भेटायला खाली उतरतो, जरा टेकतो आणि लगेच डोंगर चढायला लागतो. उतरताना ब्रेक दाबून बोटं दुखायची, चढताना मांड्या. सात पंचवीसचा चहा आम्ही नऊ वाजता प्यायलो. ह्यांनी घड्याळ पाहिलं आणि ते काढून पिशवीत ठेवलं. मला इतकं बरं वाटलं की मी दुसरा कप मागवला.

पहिला मुक्काम वेळणेश्वराच्या अलीकडे. तिथे मी माझा नवरा नव्यानं पाहिला. घरी स्वतःची गोधडी न उचलणाऱ्या या माणसानं वाऱ्याची दिशा पाहून तंबू लावला, जागा हातानं चाचपून खडे वेचले, चपला उशीखाली घातल्या आणि शेजारच्या घरातून गरम भात आणि माशाची आमटी मिळवली. मी मासे खात नाही म्हणून भाकरी अन् ठेचा काढला, तर त्या घरातली बाई ठेचा घेऊन गेली आणि सोलकढी देऊन गेली. आम्ही लाटांकडे तोंड करून जेवलो. मी सुखात होते, हे लिहायला मला काही लाज वाटत नाही.

दुसऱ्या मुक्कामाला मात्र माशी शिंकली. दिवेलागणीला मुक्कामी गाडी आली, आणि तिचा ड्रायव्हर निघाला मेडशीचा. तिकडच्या डेपोंत आपल्याकडची बरीच मुलं नोकरीला आहेत. गावचं माणूस भेटल्यावर तो आमच्याजवळच बसला. सोयाबीनचे भाव झाले, तुरीवरची अळी झाली. हे पाणी आणायला विहिरीकडे गेले तेव्हा तो मला म्हणाला, "काकू, तुमी फिकर करू नका. मी काकाले फोनवरच सांगतलं होतं, चाकं काढली का दोन्ही सायकली डिकीत बसतात. सकाळी साडेपाचले गाडी हाये. थकवा वाटला तर बिनधास्त बसा."

मी त्याला चहा दिला. लाल गोलांचा खरा अर्थ आता लागला. प्रत्येक मुक्कामाला, प्रत्येक पहाटे, मला घरी नेणारी गाडी उभी होती. बावीस वर्षं चिखलातून सायकल मारणारी मी, आणि माझी परतीची सोय घरून निघायच्या आधीच केलेली.

हे आले तेव्हा मी विचारलं, "तुमाले वाटलं मी अर्ध्यातून परतीन?"

त्यांनी ड्रायव्हरकडे पाहिलं. तो उठून गाडीकडे गेला.

"तसं नाही वं," एवढंच म्हणाले. कसं, ते सांगितलं नाही. मी तोंड फिरवून झोपले. माझा राग लवकर येतो आणि सावकाश जातो, हे माझ्या विद्यार्थ्यांना विचारा.

सकाळी साडेपाचची गाडी आम्हाला न घेता गेली. मी नकाशा उघडला आणि माझा मुक्काम जाहीर केला. तवसाळहून फेरीबोटीनं खाडी ओलांडायची, पलीकडे जयगडहून पुढे जायचं आणि मग मुख्य रस्ता सोडून डोंगरापलीकडच्या एका लहानशा पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, उतरायचं. तिथे सात-आठ घरं होती. एसटी जात नव्हती. ते मी मुद्दाम चहावाल्याला दोनदा विचारून घेतलं, ह्यांना ऐकू जाईल असं.

"तिथी गाडी नाही," हे म्हणाले.

"म्हणूनच जाऊन राह्यले मी."

फेरीबोटीवर आम्ही बोललो नाही. पाणी इतकं निळं होतं की न बोलणं जड जात होतं. पलीकडे उतरून चढ लागला तसा मी जोर लावला आणि ह्यांना मागे टाकलं. जांभ्या दगडाचा लाल रस्ता, वर सडा म्हणजे उघडं कातळाचं पठार, वारा तोंडावर. माथ्यावर पोचून मी वळून पाहिलं तर मागे कुणी नव्हतं. दहा मिनिटं वाट पाहिली. पहिली पाच रागात गेली.

उतरत मागे आले तर हे एका वळणावर दगडावर बसले होते. सायकल आडवी पडलेली, डाव्या पायाची पँट गुडघ्याच्या वर दुमडलेली. गुडघा सुजून गोल झाला होता.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तीन-चार वर्षं झाली. क्लचचा पाय हाये तो." त्यांनी पँट खाली ओढली. "ते गाड्या तुयासाठी नव्हत्या वं. माह्यासाठी होत्या. तुले सांगतलं असतं तर तू निघालीच नसती. अन् तुले तर यायचंच होतं."

मी त्यांच्या शेजारी बसले. रात्रीचा सगळा राग हातात तसाच होता आणि तो कुठे ठेवावा ते समजेना. मी त्यांच्यावर चिडले, मग स्वतःवर चिडले, मग मला रडू आलं. तीन वर्षं या पायानं यांनी क्लच दाबला आणि मी समजत होते की घरी आल्यावर पलंगावरून न उठण्याची यांना सवय आहे.

"इथून जयगडले मांघं जाता येईन," मी म्हटलं. "रिक्षा भेटंल."

"पुढं किती हाये?"

"चढ एवढाच. मंग उतार."

ते उठले. मी त्यांच्या कॅरिअरवरचा तंबू सोडून माझ्या सायकलला बांधला. ते नको म्हणाले, मी ऐकलं नाही. सायकलीला धरून, तिच्यावर भार टाकत ते चालले आणि मी बाजूनं चालले. दर शंभर पावलांवर थांबलो. माथ्यावर पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. खाली नारळाची झाडं होती, वाळूवर ओढलेली एक होडी होती, आणि रस्ता तिथेच संपत होता.

उतारावर आम्ही सायकली हातातच धरल्या. खाली पहिल्याच घरातल्या आजोबांनी ओट्यावर बसवलं, गरम पाणी दिलं, आणि पाय शेकताना विचारलं की उद्या कधी निघणार.

तीस वर्षांत माझ्या नवऱ्यानं कुठल्याही मुक्कामाच्या गावात दुसरी रात्र काढली नव्हती. पहाट झाली की गाडी काढायची, एवढंच त्यांना माहीत. मी उत्तर द्यायच्या आधी ते म्हणाले, "उद्या नाही निघत आमी. परवाचंबी काही नक्की नाही."

मग मला म्हणाले, "तंबू कोठी लावू, ते तू सांग."