माझ्यानंतर पाणी बदललं

"सर, पाणी बदलूया ना एकदा?"

केतकी म्हणाली. मी नुकतीच टबातून बाहेर आले होते. दात वाजत होते. अंगावरून बर्फाचं पाणी निथळत होतं. टॉवेलसुद्धा अजून हातात आला नव्हता.

लोणी काळभोरजवळचं एक फार्महाऊस. शनिवारची सकाळ. आमच्या कंपनीने टीमसाठी मानसिक कणखरपणाचा सहा आठवड्यांचा कार्यक्रम ठेवला होता. आम्ही नऊ जण. लॉनवर निळा प्लास्टिकचा टब, त्यात बर्फाच्या लाद्या फोडून टाकलेल्या. एकेकाने गळ्यापर्यंत बसायचं. किमान दोन मिनिटं. माझ्याआधी चार जण बसून उठले होते. त्याच पाण्यात. त्यातल्या एकाला तर सर्दी होती. कुणी काही बोललं नाही. मी पाचवी. साडेचार मिनिटं बसले. टाळ्या पडल्या.

मग केतकीची पाळी. आणि पाणी बदलूया.

"शुअर, व्हाय नॉट," कोच म्हणाले.

तिथे काम करणारे एक वयस्कर माळीकाका होते. त्यांनी टबात वाकून बघितलं. "पानी तर चांगलं हाय की, सायेब."

कोचनी नुसती बोटाने खूण केली. काकांनी टब कलंडला. पाणी लॉनवरून माझ्या पायांखालून वाहत गेलं. नवं पाणी भरलं, नवा बर्फ फोडला, पंधरा मिनिटं गेली. मी टॉवेल गुंडाळून उभी. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. किंवा सगळे बघत होते. मला कळेना.

केतकी बसली. तिच्यामागून तिघे बसले. पाणी परत बदललं नाही.

मी टेस्टर आहे. सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं हे माझं काम. एकदा घडलेल्या गोष्टीला आम्ही लगेच चूक म्हणत नाही. ती परत घडते का, कधी घडते, कुणाच्या हातून घडते, ते बघतो. मग लिहितो. म्हणून तेव्हा मी गप्प बसले. असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे माझी वाचा गेली होती.

घरी जाताना सगळी जुनी वर्षं उकरत बसले. केतकी तीन वर्षं माझ्या शेजारी बसते. आम्ही डबा बरोबर खातो. तिच्या डब्यातलं ती मला देते. माझ्या डब्यातलं तिने कधी घेतलं? खूप आठवलं. एकदा काकडी घेतली होती. अख्खी. सोललेली नव्हती.

आमच्या कंपनीत चौदा एप्रिलची सुट्टी नसते. मी त्या दिवशी दरवर्षी रजा टाकते. टीमला माहीत आहे. पप्पांचा फोन आला की मी "जयभीम पप्पा" म्हणते. हळू म्हणते, पण म्हणते. मग केतकीला माहीत असणारच. आणि माहीत असलं म्हणून काय झालं? माझ्या पायाला चिखल लागला असेल. पाण्यात गवत पडलं असेल. मी स्वतःच तिच्या बाजूने वकिली करत होते. ती घरी निवांत झोपली असेल, आणि तिची केस मी लढवत होते.

सोमवारी कँटीनमध्ये सरळ विचारलं. "केतकी, परवा माझ्यानंतरच पाणी का बदलायला सांगितलंस?"

ती हसली. "अगं, त्यात गवत होतं. तू पण ना! किती विचार करतेस!"

गवत माझ्याआधीही असेल, मी म्हणाले. ती म्हणाली, "मला तेव्हा दिसलं." मग तिने डबा उघडला आणि मला भरली वांगी वाढली. मी खाल्ली. त्या घासाची मला अजून लाज वाटते.

मॅनेजरकडे गेले. शैलेश सर चांगले बोलतात, हळू बोलतात. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "तू ओव्हरथिंक करतेयस. आणि बघ, आपला हा कार्यक्रम त्यासाठीच आहे ना? असल्या गोष्टी मनाला लागू नयेत म्हणून."

तेव्हा पहिल्यांदा मला त्या कार्यक्रमाचाच संशय आला. कुणाला काय सोसायला शिकवत आहेत हे? बर्फ, ऊन, चढ, भूक. ठीक. पण त्या यादीच्या शेवटी गुपचूप अजून काहीतरी जोडलेलं आहे का?

तरी मी कार्यक्रम सोडला नाही. एक कारण सरळ होतं. नव्या प्रोजेक्टला टीम लीड नेमायचा होता, आणि या कार्यक्रमातली कामगिरी बघणार, असं शैलेश सरांनी सांगितलं होतं. पाच वर्षं मी वाट बघत होते. दुसरं कारण सांगायला जड जातं. मला ते आवडायला लागलं होतं.

शेवटचं आव्हान कात्रजच्या टेकड्यांवर होतं. पहाटे पाच ते संध्याकाळी पाच, बारा तास. टेकडी चढायची, उतरायची, परत चढायची. थांबला तो बाद. त्याच्या तयारीसाठी मी बिबवेवाडीतून रोज पहाटे निघायचे. पहिल्या आठवड्यात नखं काळी पडली. दुसऱ्यात एक निघालं. तिसऱ्या आठवड्यात एके दिवशी चढावर श्वासाची लय आपोआप बसली आणि डोकं रिकामं झालं. कंपनी नाही, केतकी नाही, काही नाही. फक्त पुढचं पाऊल. ते सुख खोटं नव्हतं. ते मी कुणाला नाकारू देणार नाही.

पप्पा एकदा बरोबर आले. पप्पांनी तीस वर्षं मार्केट यार्डात हमाली केली. आता पाठ गेलीय, कमरेला पट्टा असतो. ते खाली चहाच्या टपरीवर बसले. मी चार फेऱ्या मारून आले तर म्हणाले, "मुद्दाम दमायचं? आम्हाला कधी एकदा गाडी रिकामी होतीय असं व्हायचं."

पण मग त्यांनी मला शिकवलं. चढताना वर बघायचं नाही. पुढच्या माणसाच्या टाचेकडे बघायचं. श्वास नाकाने, तोंड बंद. आणि म्हणाले, "ओझं पाठीवर असतंय तोवर डोक्यात घ्यायचं नाय."

मला ते फार आवडलं. कोचच्या सगळ्या भाषणांपेक्षा भारी. मग मी विचारलं, "पप्पा, तिथे कधी कुणी वाईट बोललं?"

"रोज."

"काय म्हणायचे?"

पप्पांनी चहाचा ग्लास फिरवला. "जातीवरून हाका मारायचे. नाव नव्हतंच मला. एक व्यापारी त्यातल्या त्यात बरा, नुसतं 'ए' म्हणायचा."

"तुम्ही काही बोलला नाहीत?"

"बोललो असतो तर दुसऱ्या दिवशी गाडी लागली नसती. तू तेव्हा चौथीत होतीस."

ते उठले. उठताना टपरीचा खांब धरावा लागला. पट्टा नीट केला. मी बघत राहिले. पाठीवरचं त्यांनी डोक्यात घेतलं नाही. तीस वर्षं. आणि सगळं पाठीतच राहिलं.

आव्हानाचा दिवस. सकाळ बरी गेली. दहानंतर ऊन चढलं. टेकडीवर सावली नाही. अकरा वाजता एकाला उलट्या झाल्या, तो बाद. केतकी सातव्या फेरीत बसली. तिचा घोटा मुरगळला होता. मी तिला हात देऊन खाली आणलं. तिने माझा खांदा घट्ट धरला होता. तेव्हा तिला माझ्या घामाचं काही वाटलं नाही. मी हेही टिपून ठेवलं.

दुपारी तीनला मला मांडीत गोळे आले. रडले. चालत रडले. पाच वाजता मी तेरावी फेरी उतरले. माझ्या खालोखाल जो होता, त्याच्या नऊ फेऱ्या झाल्या होत्या.

कोच धावत आले. गळ्यात मेडल घातलं. कुणीतरी मोबाईल धरून शूटिंग चालू केलं. कोच कॅमेऱ्याकडे बघून बोलायला लागले. "बघा ही मुलगी! वडील मार्केट यार्डात हमाल! वस्तीतलं बालपण! मी नेहमी सांगतो, ह्यांच्यात हे रक्तातच असतं. आपल्याला शिकावं लागतं."

पप्पांविषयी मी ऑफिसात कुणालाही सांगितलेलं नाही. फक्त एका ठिकाणी लिहिलं होतं. कार्यक्रमाच्या पहिल्या दिवशी एक फॉर्म भरून घेतला होता. तुमचा सर्वांत कठीण अनुभव लिहा. हे कुणीही वाचणार नाही, फक्त कोच. त्यात मी लिहिलं होतं, पप्पांची पाठ गेली तेव्हा घरात काय झालं ते.

"सांग ना," कोच म्हणाले. "तिथून इथपर्यंतचा प्रवास. दोन मिनिटं बोल."

मी विचारलं, "ह्यांच्यात म्हणजे कुणाच्यात?"

"म्हणजे... स्ट्रगल केलेले लोक. ग्रासरूट."

"आणि आपल्याला म्हणजे कुणाला?"

ते हसले. कॅमेरा चालूच होता.

मी म्हणाले, "सर, लोणीला नऊ जण त्या टबात बसलो. पाणी एकदाच बदललं. माझ्यानंतर. का?"

शैलेश सर हळूच म्हणाले, "धिस इज नॉट द टाइम." मोबाईल खाली गेला.

कोच म्हणाले, "हे बघ, शरीर तयार झालं तुझं, मन नाही झालं. ही कटुता सोडायला शीक. तीच खरी बर्फाची परीक्षा."

"कटुता कुणी कालवली ते सांगा, मग सोडते."

तेवढ्यात केतकी रडायला लागली. "मी तशी नाहीये गं. माझ्या घरी असलं काही मानत नाहीत." सगळे तिच्याकडे गेले. कुणी पाठीवरून हात फिरवला, कुणी पाण्याची बाटली उघडून दिली. बारा तास मी चालले होते आणि मी एकटी उभी होते.

ती खरंच तशी नसेल. तिला खरंच गवत दिसलं असेल. मी हे आजही शंभर टक्के सांगू शकत नाही. त्यांची खरी सोय तीच आहे. पूर्वी पप्पांना तोंडावर बोलायचे. मला कुणी बोलत नाही. मला विचार करत ठेवतात.

मेडल काढून मी कोचच्या हातात दिलं. म्हणाले, "फेऱ्या माझ्या आहेत. गोष्ट तुम्हाला मिळणार नाही. तो फॉर्म परत द्या."

फॉर्म मिळाला नाही. टीम लीड नऊ फेऱ्यांवाला झाला. कारण कळवलं ते असं: तांत्रिकदृष्ट्या उत्तम, भावनिक परिपक्वतेवर काम हवं.

मी लेखी तक्रार दिली. माझी माहिती परवानगीशिवाय वापरल्याची, त्या भाषणाची आणि त्या टबाची. आठ साक्षीदार लिहिले. कंपनीने नेमलेल्या चौकशी समितीसमोर आठही जणांनी लक्षात नाही म्हणून सांगितलं. गेल्या आठवड्यात एचआरच्या मॅडमनी मला बोलावलं. गोड बोलल्या. टाइप केलेला कागद पुढे सरकवला. गैरसमज झाला होता, तक्रार मागे घेत आहे. "सही कर आणि मूव्ह ऑन. तुझ्याच भल्यासाठी."

मी कागद वाचला. पेन घेतलं. टाइप केलेल्या ओळींवर काट मारली आणि खाली हाताने लिहिलं: तक्रार कायम आहे. चौकशी समितीत बाहेरचा माणूस असावा. मग सही केली. कंपनीत मी आडनावाच्या जागी नुसतं एक अक्षर लिहीत आले होते. त्या दिवशी पूर्ण आडनाव लिहिलं. मॅडमनी ते वाचलं, दोनदा. मग झेरॉक्स काढायला उठल्या, तर मी म्हणाले, दोन काढा, एक मला.

घरी पप्पांना सांगितलं. त्यांनी कमरेचा पट्टा सैल केला. "नोकरी जाईल," म्हणाले.

"काढायचं असेल तर काढू दे. कारण लेखी देऊ दे. मी राजीनामा देणार नाही."

मी रोज त्याच खुर्चीवर जाऊन बसते. केतकीने जागा बदलून घेतली आहे. पुढची सुनावणी गुरुवारी आहे. त्यानंतर तारीख पडली तर त्याही दिवशी जाईन. दमवायचं असेल तर त्यांनी दमवावं. मी विचारणं थांबवणार नाही.