टायर वाढत नसतो

भाड्याच्या गाड्यांच्या त्या आवारात सगळे ड्रायव्हर तोंडावर त्यांना काकू म्हणत आणि पाठ फिरली की मिलीमीटर. काकूंना ते ठाऊक होतं. "म्हणू देत की! सेंटिमीटर म्हटलं असतं तर राग आला असता," असं म्हणून त्या खुशाल हसायच्या आणि पुढच्या गाडीच्या चाकाशी जाऊन बसायच्या.

खरं तर त्या आल्या होत्या सीट कव्हरं शिवायला. ऑफिसच्या मागच्या खोलीत मशीन, दोऱ्यांची रिळं आणि रेक्झिनचे गठ्ठे, एवढाच त्यांचा संसार होता. टायरशी त्यांचा संबंध काय? काही नाही. टायर बघायचं काम ड्रायव्हरांचं, आणि त्यांची बघायची तऱ्हा ठरलेली. चाकाला एक लाथ घालायची, आवाज ऐकायचा आणि "मस्त आहे" म्हणून निघायचं. लाथ घालून खाचांची खोली कशी कळते ते देवच जाणे! मग एका ओल्या सकाळी झिजलेल्या टायरची एक गाडी ब्रेक दाबूनही थांबली नाही. घसरत आली ती थेट ऑफिसच्या भिंतीत घुसली. मालक नशिबाने चहा प्यायला गेले होते, त्यांच्या खुर्चीचा मात्र भुगा झाला. दुसऱ्याच दिवशी मालकांनी टायरच्या खाचा मोजायचं डिजिटल गेज आणलं. ड्रायव्हरांनी दोन दिवस कौतुकाने वापरलं आणि तिसऱ्या दिवशी खणात टाकलं. तिथेच त्याचा सेल संपला.

कात्री शोधताना ते काकूंच्या हाती लागलं. हातात मावेल एवढं यंत्र, एका टोकाला बारीक सुई, वर आकडे दिसायची काच. सुई खाचेत सोडायची, बूड रबरावर सपाट टेकवायचं की खोली कळते. काकूंनी बटनाएवढा नवा सेल आणून बसवला आणि मालकांपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"उद्यापासून गाड्या मी मोजून सोडते."

"आणि शिवण कोण करणार?"

"तीही मीच करते. तुम्ही फक्त एवढं करा, मी अडवलेली गाडी तुम्ही सोडायची नाही."

मालकांनी मान डोलावली. त्यांना वाटलं, आठवडाभराचं खूळ आहे. पण बाई हाडाची चिवट! रोज सकाळी ऑफिसच्या खिडकीच्या काचेवर गेज टेकवून ते शून्यावर आणायचं आणि फाटकाशी छोटं स्टूल टाकून बसायचं. प्रत्येक चाकाची आतली, मधली आणि बाहेरची खाच मोजायची. मग गाडी हातभर पुढे घ्यायला लावायची आणि तेच पुन्हा, कारण चाकाचा जो भाग खाली दबलेला असतो तो नाहीतर राहूनच जातो. तीन मिलीमीटरच्या खाली आकडा आला की ती गाडी घाटात जाणार नाही. विषय संपला.

सुरुवातीला ड्रायव्हरांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. काकू शांतपणे गेजची काच पुढे करायच्या. "माझ्याशी कशाला भांडतोस? मी नाही म्हणत, आकडा म्हणतोय." आता आकड्याला शिव्या घालून काय उपयोग? मुकाट्याने टायर बदलले जायचे. काकूंनाही ते बरं पडायचं. कुणाशी वाईटपणा नाही की काही नाही, सगळं आकड्याच्या डोक्यावर.

काकूंचा जावईही याच आवारातला ड्रायव्हर. माणूस वाईट नव्हता, फक्त कायम घाईत असायचा. बाकीचे त्याला चिडवत, "तुझं काय बाबा, घरचाच पास!" ते ऐकून काकू त्याच्या गाडीला अंमळ जास्तच वेळ घेत. तो फाटकाशी आला की आधी हॉर्न वाजवायचा आणि मग खिडकीतून डोकं काढायचा. "आई, लवकर आटपा. घरी बायको, इथे तुम्ही, मी जायचं तरी कुठे?"

त्या दिवशी मात्र घाईला कारण होतं. एका कारखान्याच्या पाहुण्यांना घाटापलीकडे न्यायचं होतं. कारखान्याला गाडीसकट कायमचा ड्रायव्हर हवा होता आणि आजची फेरी पसंत पडली तर काम जावयाला मिळणार होतं. म्हणजे ठरलेल्या वेळा आणि रोज संध्याकाळी घरी. लेकीने सकाळीच फोन केला होता. "आई, आज तरी त्यांना अडवू नकोस गं. तुझ्या पाया पडते."

"टायर चांगले असतील तर मी कशाला अडवू?" काकू म्हणाल्या होत्या.

आणि टायर चांगले होते. पुढचे दोन्ही चारच्या वर. मागचा उजवाही तसाच. जावई स्टिअरिंगवर बोटं वाजवत होता. काकूंनी गाडी हातभर पुढे घ्यायला लावली, तेव्हा त्याने कपाळाला हात लावला, पण घेतली. मागच्या डाव्या चाकाची मधली खाच. चार. बोटभर सरकून पुन्हा चार. आणखी बोटभर सरकून काकूंनी सुई सोडली आणि आकडा मोठ्याने वाचला, पाच पॉइंट सहा.

"वा! जास्तच आला की!" जावई मागे वळून ओरडला. "चला, निघतो मी."

"थांबा."

काकू उठल्या, खिडकीच्या काचेवर गेज पुन्हा शून्यावर आणलं आणि परत येऊन त्याच जागी सुई सोडली. पाच पॉइंट सहाच. बॅटरीचा उजेड मारून पाहिलं. खाचेच्या तळाशी केसाएवढी बारीक रेघ होती. पण तशा रेघा टायरच्या नक्षीतही असतात. अंगठ्याने दाबलं तरी रबर मिटूनच बसलेलं.

"चाक काढावं लागेल," काकू म्हणाल्या.

"अहो, कशासाठी? आकडा वाढलाय, कमी नाही झाला!"

"तेच तर! टायर झिजतो, वाढत नसतो. सुई जिथे जायला नको तिथे गेलीय. तळाला चीर आहे."

बघता बघता सगळं आवार गोळा झालं. लंबू नावाचा उंच ड्रायव्हर मागून म्हणाला, "काकू, आज आकडा काय म्हणतोय ते सांगा ना!" आणि हशा पिकला. मालक धावत आले. गाडीचं जादा चाक नेमकं पंक्चरच्या दुकानात पडलेलं. म्हणजे हे चाक काढलं की फेरी गेली. पाहुणे बाहेर घड्याळ बघत होते.

"काकू, नियम तुमचाच ना?" मालक म्हणाले. "आकडा चांगला असेल तर गाडी सोडायची."

आजवर काकू आकड्याच्या आडून बोलत आल्या होत्या आणि आज तोच आकडा उलटला होता. लेकीचा सकाळचा आवाज कानात होता. सोडून दिली असती तर कुणी एक शब्द बोललं नसतं.

"आकडा नाही म्हणत," त्या म्हणाल्या. "आज मी म्हणतेय."

"तुम्हाला काय वाटतं ते नको हो आई!" जावयाचा आवाज चढला. "वाटण्यावर गाड्या थांबायला लागल्या तर झालंच! माझ्या पोटावर का पाय देताय?"

काकूंनी स्टूल उचललं, गाडीच्या पुढच्या बंपरसमोर आणून ठेवलं आणि त्यावर बसल्या. "चाक काढा. काही निघालं नाही, तर उद्यापासून मी गेजला हात लावणार नाही. पण आत्ता ही गाडी जायची तर माझ्या अंगावरून जाईल."

हसणं थांबलं. मालकांनी काकूंकडे पाहिलं, मग घड्याळाकडे, आणि लंबूला हाक मारली. पाहुणे लंबूच्या गाडीतून गेले. जावयाचा चेहरा पार उतरला. त्याने किल्ली टपावर आपटली आणि भिंतीशी जाऊन उभा राहिला.

पंक्चरवाला आला. त्याने चाक काढलं, टायर रिमवरून उतरवला आणि आत हात घातला. मग त्याने जावयाला जवळ बोलावलं. "इथे हात लाव." आतून लिंबाएवढी सूज आली होती. पंक्चरवाल्याने टायर उलटा वाकवला, तेव्हा मिटलेली चीर उघडली आणि आतल्या गंजलेल्या तारा दिसल्या. अर्ध्या तुटलेल्या होत्या. "घाट उतरताना तापला असता की फुटलाच असता," तो म्हणाला.

जावई त्या चिरेत बोट घालून बराच वेळ बसला. काकू मागच्या खोलीत गेल्या. त्यांनी जिंकल्याचा आव आणला नाही, कारण त्या मनातून हादरल्या होत्या. सुईत दोरा ओवायला घेतला, पण तो ओवला जाईना, तेव्हा सुई गठ्ठ्यात खोचून ठेवली आणि पदर तोंडाशी धरून रडून घेतलं.

कारखान्याचं काम लंबूलाच मिळालं. पाहुण्यांना तो आवडला, त्याला काय करणार! संध्याकाळी लेकीचा फोन आला, तो रागाचाच. "जगाच्या गाड्या सोडतेस आणि आपल्याच माणसाला अडवतेस?" काकूंनी ऐकून घेतलं. टायरचं त्यांनी काही सांगितलं नाही. ते त्यानेच सांगावं, असं त्यांना वाटलं. रात्री लेकीचा पुन्हा फोन आला. "त्यांनी सांगितलं गं सगळं," एवढं म्हणून ती रडायला लागली.

सकाळी जावयाची गाडी फाटकाशी आली. हॉर्न वाजला नाही. इंजिन बंद करून तो खाली उतरला आणि काकूंचं स्टूल मागच्या डाव्या चाकाशी नेऊन ठेवलं. टायर नवा कोरा होता. काकूंनी सुई सोडली.

"आठ," त्या म्हणाल्या.

"आकडा राहू द्या, आई." तो खाली मान घालून बोलला. "तुम्हाला काय वाटतं, ते सांगा."

मागे तीन गाड्या थांबल्या होत्या आणि लंबू हॉर्न वाजवत होता. काकूंना आकडे धूसर दिसायला लागले. त्यांनी गेज पदराला पुसलं, डोळेही पुसले.

"मला वाटतं," त्या म्हणाल्या, "गाडी हातभर पुढे घ्या."

त्याने घेतली.