जांभळाच्या बिया आणि आईचं वजन

जांभळाच्या बियांचा अर्क उंदरांना पाजणं हे माझं काम. जांभूळ खाल्ल्यावर तोंड तुरट होतं ते त्यातल्या फेनॉलिक संयुगांमुळे. झाडं ती स्वतःच्या बचावासाठी बनवतात. त्या संयुगांनी लठ्ठपणा रोखता येईल का, हे आम्ही हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत तपासतो. यातला ‘का’ मला फार प्रिय आहे. तो गाळून कुणी व्हॉट्सॲपवर चमत्कार पाठवला की माझं डोकं फिरतं. नात्यातले दोन ग्रुप मी त्यापायीच सोडले.

आईला हा माझा आखडूपणा वाटायचा. तिचे गुडघे पार गेले होते. चिक्कडपल्लीतल्या आमच्या दुसऱ्या मजल्यावरून ती फक्त डॉक्टरकडे जाण्यापुरती उतरायची, तीही कण्हत. आबिड्समधल्या हाडांच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, आधी आठ किलो उतरवा, मग ऑपरेशनचं बोलू. घरी येऊन टेकते न टेकते तोच आई म्हणाली, “तुझ्याकडची ती पावडर आण की गं थोडी.”

“आई, ती माणसांसाठी नाही. अजून काही सिद्ध झालेलं नाही.”

“उंदरांना देतीस, आईला नक्को?”

दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी बघते तर शेजारणीकडून जांभळं मागवून बिया गॅलरीत वाळत घातलेल्या! उंदरांच्या मापानं घ्यायचं तर तुला वाट्याच्या वाट्या चूर्ण लागेल, असं मी परोपरीनं सांगितलं. तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. रोज सकाळी चमचाभर चूर्ण ताकातून घ्यायची, तोंड वेडंवाकडं करायची आणि तुरटपणा जावा म्हणून वर बेकरीतली चार चांद बिस्किटं चहात बुडवून खायची. महिन्याभरानं वजन अर्धा किलो वाढलेलं.

“काटाच बिघडलाय,” ती म्हणाली आणि एकदम रडायला लागली. मी “बघ, सांगत होते ना” म्हणायच्या तयारीत होते. माझी मलाच लाज वाटली.

डोळे पुसून तिनं विचारलं, “तुझे उंदीर खातात तरी काय?”

मी सांगितलं. एका पिंजऱ्यात साधं खाणं. दुसऱ्यात तुपकट. तिसऱ्यात तुपकट आणि वर अर्क.

“अर्कवाले बारीक झाले?”

“नाही. वाढले, पण दुसऱ्या पिंजऱ्यापेक्षा कमी.”

“आणि साधं खाणारे?”

“ते होते तसेच राहिले.”

“मग मी त्या पहिल्या पिंजऱ्यातली,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून ज्वारीची भाकरी, वरण आणि अंबाडी. इथल्या बाजारात अंबाडीला गोंगुरा म्हणतात, तीच. बिस्किटांचा डबा तिनं स्वतः शेजारी देऊन टाकला. पहिला आठवडा घरात तिच्याशी बोलायची कुणाची टाप नव्हती. “ह्या भाजीत आहे का तुझं फेनॉल?” एकदा तिनं गुरकावून विचारलं. आहे म्हटल्यावर आणखी वाढून घेतली. खुर्चीत बसून पाय हलवायचे व्यायामही ती करायची, टीव्हीवरच्या सगळ्यांना नावं ठेवत. मला ते दिवस फार आवडले. आम्ही दोघी इतक्या वेळा एकत्र जेवायला कधीच बसलो नव्हतो.

आठ किलो उतरायला बरेच महिने लागले. डॉक्टरांनी काटा बघितला, मग तिच्याकडे बघितलं. “कैसे किया अम्मा?”

“बेटी का रिसर्च है, साब. चूहों कू खिलाती, देखती, लिखती. उसीच से समझी मैं.”

मी जे साधं खाणं नुसतं तुलनेसाठी ठेवते, ज्यावर माझ्या शोधनिबंधात धड चार ओळीही नसतात, तेवढंच तिनं उचललं होतं आणि त्याचं सगळं श्रेय मला देऊन ती मोकळी झाली होती. मला रडू आवरेना. मी ऑपरेशनला घाबरले असं वाटून डॉक्टरांनी पाण्याचा ग्लास माझ्यापुढे केला आणि पेशंटलाच सांगितलं, “अम्मा, इनको जरा संभालो.”